आधी मुंढा, मग रेखाटन

प्रिय,

तुझी वही पाहिली. हात चांगला आहे. पण २८ चित्रांपैकी बहुतेकांत खांदा केसांखाली नाहीतर पदराआड गेलाय. बाही कशी बसते ते कळत नसलं की पेन्सिल असंच करते.

तू फॅशन डिझायनर बालेन्सियागाच्या पॅरिसबद्दल भरभरून लिहिलंस. त्याच्याआधीचं बघ. जन्म १८९५चा, स्पेनमधल्या गेतारिया या कोळ्यांच्या गावातला. आई शिवणकाम करायची आणि हा बाराव्या वर्षी शिंप्याकडे उमेदवारीला लागला. पॅरिसमध्ये दुकान थाटलं १९३७ साली, तेव्हा चाळिशी उलटली होती. पुढे एवढं नाव झालं तरी मनासारखी न बसलेली बाही तो स्वतः उसवून पुन्हा लावायचा.

तेव्हा ब्लाउजच्या बाहीपासूनच सुरू कर. अडीच मीटर मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड आण, रात्रभर भिजव, सावलीत वाळवून इस्त्री कर. न भिजवता कापलंस तर पहिल्या धुण्यात सगळी मापं आटतील. छाती ३६ इंच असेल तर चौथा भाग ९, त्यात सैलपणाला अर्धा इंच आणि शिलाईला एक इंच. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल काप. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोलगट काप. मग टेप उभी धरून मुंढ्याची गोलाई मोज आणि बाहीची वरची गोलाई त्याहून अर्धा ते एक इंच जास्त ठेव. तेवढं कापड खांद्याशी चुण्या न पडता मुरवायचं असतं. त्यातच हात बसतो.

कच्चे टाके घालून अंगात चढव आणि एसटीत दांडी धरतो तसा हात वर कर. ब्लाउज कमरेपासून वर ओढला गेला तर मुंढा खाली गेलाय. नवशिके इथे तो आणखी खोल करतात, आणि ओढ वाढते! अर्धा इंच वर घे. काखेत काचत असेल तरच पाव इंच खाली कर.

हे तीनदा जमल्याशिवाय हिमरू कापडाला कात्री लावू नकोस. संभाजीनगरच्या हिमरूत ताणा, म्हणजे उभे धागे सुती, बाणा, म्हणजे आडवे रेशमी. नक्षीचे जादा धागे मागे मोकळे तरंगतात. पैठणीच्या पदराची नक्षी दोन्हीकडून सारखी, तिथे हा घोर नाही. हिमरूत मात्र बांगडी अडकली की धागा आत खेचला जातो आणि वरचं फूल चुरगळतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला भिजवून घेतलेलं मलमलचं अस्तर आधी कच्च्या टाक्यांनी जोड, मग शिव. शिलाईला अर्धा नको, पूर्ण इंच सोड; कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटतात, तेव्हा कापल्याबरोबर कडेला ओव्हरलॉकची शिलाई मार. आणि दोन्ही बाह्या एकाच अंगाने कापू नकोस. दोन डाव्या बाह्या निघाल्या की महागाचं कापड गेलं. वेलीचं तोंड वर आहे ना, तेही आधी बघ.

निफ्टचा, त्या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेचा, फॉर्म भरायचा तर भर. नंबर लागला नाही तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड कमी लेखू नकोस. हात तिथेच बसतो.

पुढच्या खेपेला वही नको. मांजरपाटाची एक बाही पाठव, कच्चे टाके न उसवता.