दुकानदार म्हणतो बेअरिंग १०,००० तासांचं टेस्ट केलेलं आहे. मग वर्षाच्या आत का जातं? घेताना पारखायचं कसं?

दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. तो आकडा एका नगाचा नसतोच. सारख्या १०० बेअरिंगना सारखं ओझं दिलं, तर १० तेवढ्या तासांच्या आत जातील, ९० पुढे चालतील, एवढंच. निम्मी तर चौपट-पाचपट चालतात. तुमचं त्या १० मधलं असेलही, पण नशिबाला बोल लावायच्या आधी माझ्या दादाची चक्की ऐका.

मी बुटीबोरीला एका कारखान्यात टेस्टिंगवर होतो. १०,००० तास म्हणजे जवळजवळ चौदा महिने मशीन अखंड चालवायची. इतका वेळ कोणाला आहे? म्हणून ओझं वाढवायचं. बॉल बेअरिंगवर ओझं दुप्पट केलं की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. १,२५० तास, दोन महिन्यांच्या आत निकाल.

दादाची चक्की हिंगणघाटच्या अलीकडे. माझ्याच सांगण्यावरून त्याने मोटरला महागाचं ६३०८ नंबरचं बेअरिंग घेतलं, गुढीपाडव्याला बसवलं. दिवाळीच्या तोंडावर, ऐन बेसनाच्या दळणात ते बोंबललं. वहिनीसमोर मला म्हणाला, "तुह्या टेस्टिंगचं काय लोणचं घालू?"

मी ग्राइंडरने बाहेरची रिंग कापली. गोळ्यांच्या वाटेवर सारख्या अंतराने खळगे, एकेका गोळीचा एक. हे हातोड्याचं काम. मोटरचं बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं, म्हणून पाइपाचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोकायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांमधून जातो. वर पट्टा असा ताणलेला की एकतारी वाजवावी. ओझं दुप्पट झालं धरा. चक्की रोज ६ तास, म्हणजे साडेचार वर्षांचा माल सात महिन्यांत साफ. मोजा पाडव्यापासून! आम्ही मुद्दाम करायचो ती टेस्ट दादा रोज दळणासोबत फुकट करत होता.

तर म्हणतो, "पट्टा ढिला ठेवला त घसरते न बे, दळण काय तू करशीन?" घसरत होता कारण पुलीचे खाचे घासले होते. पण सणासुदीला कोण तोंडी लागतं.

घेताना हातात गरगर फिरवून बघण्यात अर्थ नाही. कोरडं बेअरिंग भोवऱ्यासारखं फिरतं, ग्रीस भरलेलं सीलबंद जडच फिरतं, आणि लोक तेच खराब म्हणून परत देतात. टिकाऊपणा काउंटरवर कळत नाही. नकली माल मात्र भरपूर आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या.

हां, हा हिशोब स्वच्छ आणि ग्रीस असलेल्या बेअरिंगचा. थ्रेशरमध्ये सोयाबीनचा भुसा आत शिरला की तो लागू नाही, तिथे आधी सील बघा.

जुनं बेअरिंग भंगारात देण्याआधी कापून बघा. सारख्या अंतरावर खळगे दिसले तर दुकानदाराशी भांडू नका, ज्याने बसवलं त्याला विचारा. दादाची रिंग अजून माझ्या खिडकीत आहे. पुली त्याने मागच्या महिन्यात बदलली म्हणे. वहिनीकडून कळलं.