धरणाचं पाणी सोडताना प्रशासनाने पुणेकरांना नेमकं काय कळवायला हवं?

आकड्याआधी काय करायचं ते सांगा. 'खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेक' हे अभियंत्याला पुरतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, पण हे गणित माझ्या आईला घालून काय उपयोग? ती मुठेवरच्या सखल पुलाचं विचारते, "भिडे पूल बुडाला का?"

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा वेळेवर कळवलं नाही हीच रहिवाशांची मोठी तक्रार होती. मेसेज असा हवा: 'रात्री २ नंतर पाणी वाढेल. नदीकाठच्या सोसायट्यांनी पार्किंगमधल्या गाड्या आत्ताच हलवा, तळमजला रिकामा करा. पुढची माहिती रात्री १ वाजता.' शेवटचं वाक्य गाळू नका. पुढचं अधिकृत कधी कळणार हे ठाऊक नसलं, की मधल्या वेळात व्हॉट्सॲपवर 'धरण फुटलं'चा ऑडिओ फिरतो. आणि पानशेत १२ जुलै १९६१ ला खरंच फुटलंय, त्यामुळे इथे ही अफवा लगेच पटते. नुसतं 'घाबरू नका' म्हणून भागत नाही. 'धरण सुरक्षित आहे, दरवाजे आम्हीच उघडलेत' असं स्पष्ट सांगा.

शिवाय रात्री फोन सायलेंटवर असतात. भोंग्याची गाडी फिरवाच.