हणजूणच्या क्लबसाठी मिक्सर: मॉडेलचं नंतर, आधी ती अर्थ पिन

तुमची पोस्ट वाचली. गोव्यात हणजूणला दीडशे माणसांची जागा, चवथ आटोपली की सिझनला उघडायची, डीजे बाहेरून येणार. जुना पायोनियर 900 नेक्सस 2 घ्यावा, नवा ए9 घ्यावा की अ‍ॅलन अँड हीथचा झोन 96, असा प्रश्न. पण खाली जाता जाता लिहिलंय की सध्याच्या मिक्सरवर घूंऽऽ असा आवाज यायचा, इलेक्ट्रिशियनने कन्सोलच्या (डीजेच्या टेबलाच्या) बोर्डाची अर्थ पिन, म्हणजे गळती जमिनीत नेणारी तिसरी पिन, काढून टाकली आणि आता आवाज एकदम स्वच्छ. हे लांबलचक उत्तर त्या एका वाक्यासाठी आहे. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे, आणि या धंद्यात याच्याइतका पैसा दुसऱ्या कशातच बुडालेला नाही.

मी परवानाधारक वायरमन नाही, हे आधीच सांगतो. विजेचं काम परवानावाल्याकडूनच करून घ्या. पण त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं, ते तुम्हाला माहीत हवं.

घूं कशामुळे येतं? मिक्सर कन्सोलवर, अ‍ॅम्प्लिफायर बारच्या मागे, दोघांना वीज वेगवेगळ्या बोर्डावरून. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये जरासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी सिग्नल केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या जाळीतून) करंट फिरू लागतो. आरसीए (साध्या लाल-पांढऱ्या प्लगच्या) केबलमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट, म्हणून विजेचं ते 50 हर्ट्‌झ थेट गाण्यात मिसळतं. पिन काढली की फेरा तुटतो, आवाज जातो, सगळे खूश.

आता त्या बोर्डावर काय काय लावलेलं असतं बघा: मिक्सर, प्लेअर, लॅपटॉपचे चार्जर. तीन पिनांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असेल तर ती गळती मुकाट जमिनीत जाते. अर्थ नसेल तर बॉडी साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, पण टेस्टर लावलात तर मिक्सरच्या कडेच्या स्क्रूवर दिवा मंद पेटेल. घामेजलेल्या मनगटाला मुंग्या येतात, त्या याच. मग पाहुणा डीजे रात्री एक वाजता लॅपटॉपची यूएसबी खुपसतो आणि तो साठलेला चार्ज पोर्टमधून वाट काढतो. आधी एक यूएसबी पोर्ट जातो, मग साउंडकार्ड. आणि एखाद्या चार्जरचं इन्सुलेशन खरंच फुटलं तर बॉडीवर पुरे 230 व्होल्ट. ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी स्टँड. पुढचं लिहायला नको.

खरा उपाय सिग्नलच्या बाजूने करायचा, विजेच्या बाजूने नाही. मिक्सरचं मुख्य आउटपुट म्हणजे मास्टर 1, त्याच्या एक्सएलआरमधून (तीन पिनांच्या गोल सॉकेटमधून) बॅलन्स्ड केबल टाका, तिच्यात सिग्नलची परतीची वाट शील्ड नसते. आरसीएवाला मास्टर 2 रेकॉर्डिंगसाठी राहू द्या. मिक्सर, प्लेअर, स्पीकरचा प्रोसेसर, अ‍ॅम्प सगळं एकाच डिस्ट्रिब्युशन बोर्डावर घ्या, आणि दिव्यांचे डिमर, फ्रीज, एसी यांना त्या बोर्डाच्या जवळही येऊ देऊ नका. तरी घूं उरलं तर मास्टरच्या लाइनवर 1:1 ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंची तार न जोडता सिग्नल पुढे नेणारा) लावा, डाव्या-उजव्या दोन्हीला. तेही जमत नसेल तर अ‍ॅम्पकडच्या टोकाला एक्सएलआरची पिन 1 सोडवा. ती शील्ड आहे, सुरक्षेचा अर्थ नव्हे. तीन पिनांच्या प्लगला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. शिवाय बोर्डाला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थ नसेल तर तोही माणूस चिकटल्यावरच ट्रिप होतो.

अर्थ आहे की नाही हे मल्टीमीटरने वरवर कळतं. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. पाचच्या वर गेलं तर शोध घ्या. आणि लोड चालू असतानाही काटेकोर 0.0 दाखवत असेल तर आनंद मानू नका, सॉकेट उघडायला लावा. आत बहुतेक वेळा न्यूट्रल आणि अर्थ एका वायरच्या तुकड्याने जोडलेले सापडतात. इन्स्पेक्शनपुरतं सगळं झकास दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की कन्सोलवरची प्रत्येक बॉडी फेजवर येते.

मीटरने अर्थचा रोध कळत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो. पाच ओहमच्या खाली आणून द्यायला सांगा. किनाऱ्यावरची कोरडी वाळू आणि वागातोरच्या बाजूचा जांभा, दोन्ही अर्थिंगला वाईट. पावसात मापलेला आकडा मे महिन्यात टिकत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवा. खाऱ्या हवेत जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप लवकर गंजतो. तांब्याचा इलेक्ट्रोड महाग पडेल, पण घ्या.

वॉरंटीबद्दल. नाव घेत नाही, पण एका सेवा केंद्राचा खाक्या असा की यूएसबी बोर्ड जळालेला दिसला की मशीन न तपासताच ‘साइटचा इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ असा शेरा मारून परत. गोव्याबाहेर पाठवायचा खर्च आपला, परत आणायचाही आपला, फोन उचलण्याची हमी नाही. आणि पिन खरंच काढलेली असेल तर भांडायला तोंडही उरत नाही. त्यामुळे घेण्याआधीच विक्रेत्याकडून लेखी घ्या की दुरुस्ती कुठे होणार आणि भाडं कोण भरणार. जीएसटी बिल, सीरियल नंबरचा फोटो, मूळ खोका आणि वायरमनचा तारखेसह अर्थ टेस्टचा कागद, चारही एकत्र ठेवा. ‘दुबईहून आणून देतो’वाल्यांच्या नादी लागू नका, इथल्या वॉरंटीत तो माल बसवून घेताना नाकी नऊ येतात. जपानहून आलेला पीस असेल तर मागची पट्टी वाचा. तिथली वीज 100 व्होल्टची. पट्टीवर तेवढंच लिहिलं असेल तर आपल्या सॉकेटमध्ये तो पहिल्याच क्षणी गेला.

आता मॉडेल. बाहेरचे डीजे येणार असतील तर तुमची आवड बाजूला ठेवा आणि त्यांचा रायडर (लागणाऱ्या सामानाची यादी) बघा. हाऊस आणि कमर्शियलवाल्यांना 900 नेक्सस 2 किंवा 2023 साली आलेला ए9 हवा असतो. ट्रान्स आणि टेक्नोवाल्यांपैकी काही जण झोन 92 किंवा 96 मागतात, कारण त्याचे फिल्टर. एकच घ्यायचा असेल तर झोन घेऊ नका. तो हौसेचा दुसरा मिक्सर, हवा तेव्हा भाड्याने आणा. माझं मत विचाराल तर दीडशे माणसांच्या जागेला बिलासकट मिळालेला 900 नेक्सस 2 पुरे. वाचलेले पैसे अर्थिंग, एक्सएलआर केबल आणि यूपीएसवर घाला. ए9 मध्ये बूथला, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरला, वेगळा इक्यू (बेस-ट्रेबल कमी-जास्त करायची सोय) आहे, माइकला फँटम पॉवर (केबलमधूनच वीज) आहे, दोन हेडफोनचे वेगवेगळे कंट्रोल आहेत. कन्सोल कोपऱ्यात असेल आणि बेस घुमत असेल तर बूथ इक्यूसाठी जास्तीचे पैसे टाकायला हरकत नाही. पायोनियरचा सहा चॅनलचा व्ही10 तुम्हाला नको, टेबलावर मावणारही नाही.

यूपीएस फक्त कन्सोलला. मिक्सर आणि चार प्लेअर मिळून साधारण अडीचशे वॅट, 1 केव्हीएचा ऑनलाइन (सतत बॅटरीमार्गे वीज देणारा) यूपीएस भरपूर झाला. अ‍ॅम्प त्यावर नकोत. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंतच्या मधल्या वेळात मिक्सर बंद-चालू झाला की जो ठोका बसतो तो ट्वीटरला (बारीक आवाजाच्या स्पीकरला) महागात पडतो. चालू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना उलट.

आवाजाची मर्यादा मिक्सरवर सांभाळायला जाऊ नका. पाहुणा डीजे मास्टर फिरवणारच. लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारी सोय) प्रोसेसरमध्ये लावा आणि पासवर्ड मॅनेजरकडे ठेवा. नियमाप्रमाणे आवाज जागेच्या सीमेवर मोजतात: सार्वजनिक जागी परिसराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यातलं जे कमी ते. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरच बंद.

पावसाळ्यात मिक्सर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. आठवड्याला तासभर चालू ठेवा आणि सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) वर-खाली करा. खरखर आली तर फेडरसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, बिजागरीला मारायचा स्प्रे नव्हे.

जुना पीस बघायला जाताना स्वतःचा लॅपटॉप, हेडफोन आणि दोन एक्सएलआर केबल घेऊन जा. दोन्ही यूएसबी पोर्टवर प्रत्येकी दहा मिनिटं गाणं चालवा. प्रत्येक चॅनलचा ट्रिम (सुरुवातीच्या आवाजाचं बटण) आणि तिन्ही इक्यू सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खालचे स्क्रू गंजलेत का बघा. ते गंजले असतील तर आतलं बोर्डही खारं झालेलं असतं. मग मास्टरचे एक्सएलआर प्लग हलकेच हलवून ऐका. एक बाजू येत-जात असेल तर भाव पाडून घेण्याच्या मोहात पडू नका, सरळ सोडून द्या.