कुलदैवतालाही नकाशात जागा दे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुटुंबोपचाराच्या प्रशिक्षणाला येण्याआधी काय वाचावे, असे तू विचारले आहेस. मिनुचिन, बोवेन आणि इटलीतल्या मिलानचा गट या कुटुंबोपचाराचा पाया घालणाऱ्यांचे लेखन वर्गात होईलच. मला लिहायचे आहे ते निराळे. निपाणी, खानापूर, चिक्कोडी, अथणी या बाजूंनी बेळगावात आपल्याकडे येणारे कुटुंब बहुधा आधी देवऋषीकडे, मठात, दर्ग्यात किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलेले असते आणि आपल्याकडून निघाल्यावर पुन्हा तिथे जाणार असते. ज्या उपचारकाला ही अडचण वाटते, त्याच्यापुढे घरची माणसे अर्धेच बोलतात.

बोवेन यांच्या परंपरेत निदान तीन पिढ्यांचा जिनोग्राम, म्हणजे घरच्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ आणि नात्यांना रेघा, एवढे तुला येते. त्यात कुलदैवत, गुरुमठ, उपास, अपुरा राहिलेला नवस आणि गळ्यातली माळ यांनाही जागा दे. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे बोवेन यांचे मुख्य निरीक्षण. आपल्याकडे तो तिसरा पुष्कळदा देव असतो. सासूला सुनेविषयी जे थेट बोलता येत नाही, ते ‘देवाचं काहीतरी राहिलंय’ या वाक्यातून बाहेर पडते आणि सून त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण वाद सासूशी न राहता देवाशी होऊन बसतो.

माळेचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण इथे तुला याच प्रकारची कुटुंबे पुष्कळ भेटतील. समज, घरातल्या थोरल्या मुलाची दारू सुटावी म्हणून आईने त्याला पंढरपूरला नेऊन माळ घालायला लावली. नवखा उपचारक एक तर याकडे दुर्लक्ष करतो किंवा भारावून कौतुक करतो. दोन्हींत चौकशी राहून जाते. माळ एकाच्या गळ्यात पडली तरी स्वयंपाकघर सगळ्यांचे बदलते: मटण बंद होते, पोरे कुरकुरतात, वेगळी भांडी बायकोला सांभाळावी लागतात, आणि इतकी वर्षे मुलाच्या दारूवरून भांडणारे आईवडील एकाएकी बोलायला विषय नसल्यासारखे होतात. मिलानच्या गटाने 1980च्या लेखात मांडलेले वर्तुळाकार प्रश्न, म्हणजे घरातल्या एकाला इतरांविषयी विचारायचे प्रश्न, इथे उपयोगी पडतात. ‘त्यांनी माळ घातल्यापासून घरात सगळ्यांत निवांत कोण झालं?’, ‘उद्या माळ खुंटीला लागली तर आधी कुणाला कळेल, आणि ते कुणाला सांगायचं टाळतील?’ हे प्रश्न माळकऱ्याला न विचारता धाकट्या भावाला किंवा बहिणीला विचार. श्रद्धेला कोणी खरे-खोटे ठरवत नाही, आणि तरीही तिच्याभोवती घर कसे उभे आहे ते सगळ्यांना ऐकू येते.

इथे एक वैद्यकीय गोष्ट पाठ असलीच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने नवसाच्या दिवशी दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे आणि पुढच्या एकदोन दिवसांत भास होऊन तो बरळू लागणे असे घडू शकते. यात जीवही जातो. घरच्यांना ते देवाचा कोप वाटते आणि ते त्याला दवाखान्याऐवजी देवळाकडे नेतात. म्हणून माळेची तिथी ठरत असेल तर तिच्या आधीच डॉक्टरांची भेट ठरव. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याला जवळ आहे. नवस तसाच राहू दे, फक्त त्याआधी तपासणी व्हायला हवी.

आणि माळ मोडली तर? पुन्हा पिणाऱ्या माणसाला दारूपेक्षा दिंडीतल्या लोकांना तोंड दाखवण्याची लाज अधिक भारी पडते. कुटुंबाची आणि त्याची संमती असेल तर दिंडीच्या प्रमुखाला एखाद्या बैठकीला बोलाव, आणि परतीची वाट त्यांच्याच तोंडून ऐकू दे. आपण मात्र कीर्तनकार होऊ नये. उपचारकाने पूजा सांगणे किंवा आपला पंथ सुचवणे हे मला सर्वस्वी गैर वाटते, मग घरच्यांना ते कितीही आवडो.

तू विवेकवादी घरातून आली आहेस हे मला ठाऊक आहे, आणि त्यात कमीपणा नाही. श्रद्धाळू घरातून येणाऱ्यांना उलटा धोका असतो, ते फार लवकर मान डोलावतात.

भाषेचेही पाहा. सून गोकाकची कन्नड बोलणारी आणि सासू मराठी, असे घर इथे सर्रास असते. दहा वर्षांच्या नातवाला दुभाषी करू नकोस, कारण आईची तक्रार आजीला सांगण्याचे ओझे त्याच्यावर पडते. कन्नड येणारा सहउपचारक बरोबर घे, आणि टॉम अँडर्सन यांनी 1987 साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे तुम्ही दोघे कुटुंबासमोरच आपापसांत बोला. दोघे जण मतभेद असूनही शांतपणे बोलू शकतात, हे काही घरांनी प्रथमच पाहिलेले असते.

तडजोड नको अशा जागाही आहेत. आजारी माणसाला साखळदंडाने बांधणे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने निषिद्ध ठरवले आहे, मग ते घरी असो की देवस्थानात. मुलीला देवाला सोडण्याची गोष्ट निघाली तर कर्नाटकात त्याला कायद्याने बंदी आहे. मारहाण होत असेल तर सगळ्यांना एका खोलीत बसवण्याचा हट्ट धरू नकोस. बाईला आधी एकटीला भेट.

पहिल्या सत्राला येताना तुझ्या स्वतःच्या घराचा तीन पिढ्यांचा नकाशा घेऊन ये. लग्नानंतर कोणाचे देव बदलले, कोणी सोडले, आणि त्यावरून कोण कोणाशी बोलेनासे झाले, तेही त्यात दाखव. तो वर्गात मांडायचा नाही. त्यावर फक्त आपण दोघी बोलू.

कळावे.