झाकणावरची नावं

प्रिय,

परवा निघताना तू लिफ्टच्या दारात उभी राहून विचारलंस, "काकू, बोर्डगेम करायला नोकरी सोडू का?" तेवढ्यात लिफ्ट आली. बरं झालं आली, नाहीतर उभ्याउभ्या मी "सोड गं, बिनधास्त" असं काहीतरी बोलून गेले असते.

आधी हिशेब. तुझ्या गेमची किंमत १२०० रुपये धर. दुकानदार आणि वितरकाचं वजा जाता प्रकाशकाच्या हातात साधारण निम्मे, म्हणजे ६०० येतील. डिझायनरला त्यावर पाच ते आठ टक्के मिळतात; आपण सहा धरू. बॉक्समागे ३६ रुपये झाले. हजार बॉक्स खपले तर ३६ हजार, तेही दोन वर्षांचे शनिवार-रविवार घालवून. आणि हजार खपले की आपल्याकडे लोक पेढे मागायला येतात! 'कॅटन' हा बोर्डगेम १९९५ साली आला आणि जर्मनीत त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरला, तरी त्याचे डिझायनर क्लाउस टॉयबर यांनी दातांच्या लॅबमधलं काम पुढे काही वर्षं सोडलं नव्हतं. तुला ऐरोलीत दर महिन्याला पगार मिळतोय. तो सोडू नकोस. हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मला लिहायचंय ते वेगळंच. त्या दिवशी तुझा पट खेळताना मी विचारलं, "हा लिलावाचा नियम कुणाला सुचला?" तू म्हणालीस, "असंच, खेळता खेळता आला." हेच उत्तर बारा वर्षांपूर्वी मी देत असे.

तेव्हा नौपाड्यात आमचा चौघांचा अड्डा होता. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की पुठ्ठा, कात्री आणि सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणं घेऊन बसायचो. फारच डोकं तापलं तर तलावपाळीला एक फेरी मारायची आणि परत डाव मांडायचा. माझा खेळ आठवडी बाजाराचा होता आणि पाच महिने एकाच जागी अडला होता. अर्ध्या डावात एक जण पुढे निघून जायचा आणि उरलेले जांभया देत बसायचे. एका रात्री आमच्यातला बँकेत नोकरी करणारा मित्र म्हणाला, "मागे पडलेल्याला उधार घेऊ दे की. पुढच्यानं नाही म्हणायचं नाही, पण व्याज त्यानं ठरवायचं." त्या रात्री आम्ही अडीचपर्यंत खेळलो. खालचे शेजारी वर आले.

पुढचे आठ महिने व्याजाचे आकडे जुळवायला मी एकटीनं घालवले, हेही खरं आहे. पण मूळ कल्पना त्याची होती.

खेळ निघाला आणि गाजला. तुर्भ्याच्या छापखान्यातून ५०० बॉक्स आले, तेव्हा हॉलमधून आडवं होऊन चालावं लागे. त्याचे विनोद घरात अजून चालतात, त्यात शिरत नाही. झाकणावर माझं नाव होतं. रूलबुकाच्या शेवटच्या पानावर 'आभार' म्हणून बारीक टायपात बावीस नावं होती आणि त्यात तो सतरावा. आडनावातला एक काना गळालेला. त्यानं पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "छपाई छान झालीय." पुढच्या शनिवारी त्याला काम निघालं. त्याच्या पुढच्याही. भांडण झालंच नाही, म्हणून तर ते मिटलंही नाही.

कायद्याचं म्हणशील तर आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(एम) सांगतं की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरला जात नाही. कॉपीराइट रूलबुकाच्या मजकुराला आणि चित्रांना मिळतो, नियमाला नाही. म्हणजे उधारीचा नियम त्याच्या मालकीचा नव्हता, तसा माझ्याही नव्हता. या कलमावर मी कितीतरी महिने स्वतःची समजूत काढली.

लिझी मॅगी यांची गोष्ट तुला माहीत आहेच. जमिनीच्या भाड्यावरच्या खेळाचं पेटंट त्यांनी १९०४ साली अमेरिकेत मिळवलं. पुढे त्याच खेळावरून निघालेली मोनोपॉली चार्ल्स डॅरो यांच्या नावावर गाजली आणि मॅगींचं १९२४ चं दुसरं पेटंट १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं ५०० डॉलरला घेतलं, रॉयल्टी शून्य. आपला लहानपणचा 'व्यापार' त्याच कुळातला. नव्या मुलांना ही गोष्ट मी रंगवून सांगायचे आणि सगळे मॅगींच्या बाजूनं हळहळायचे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळातही तेच: खेळ दोघांनी मिळून केलेला, १९७४ चा, आणि १९७९ मध्ये त्यातले डेव्ह आर्नेसन श्रेय आणि रॉयल्टीसाठी दुसरे, गॅरी गायगॅक्स, यांच्या कंपनीविरुद्ध कोर्टात. त्या सतराव्या नावानंतर असल्या गोष्टी सांगताना माझी जीभ अडखळते.

दुसऱ्या आवृत्तीत मी त्याचं नाव झाकणावर घातलं आणि बॉक्स घरी पाठवला. फोनवर एक अंगठा आला. आता स्टेशनच्या पुलावर भेटला की गुडघ्यांची चौकशी करतो. खेळाचा विषय निघत नाही. अड्डा तर केव्हाच मोडला. लग्नघरी मुलं पट मांडून बसली की मला हाक येते, "तुम्ही तर एक्स्पर्ट!" मी बसतेही. पण कुणाला बारा पडले की सगळे ओरडतात आणि मी घड्याळ बघत असते, की या पोराचा डाव किती मिनिटांनी आला.

तुझ्या बॉक्सचं आर्टवर्क अजून छापखान्यात गेलेलं नाही, हे तूच म्हणालीस. तेव्हा येत्या शनिवारी तुझ्या त्या तिघांना घेऊन माझ्याकडे ये. कुणी काय घातलं ते समोरासमोर बोला. त्या ३६ रुपयांतले कुणाला किती, हेही. पाच रुपयांवरून तोंडं वाकडी होणार असतील तर ती माझ्या घरात होऊ देत. वडे मी कुंजविहारमधून आणून ठेवते.

आणि येताना छापील नमुना नको, पहिला पुठ्ठ्याचा पट आण. त्याच्या कडेला पेन्सिलीनं जे काही खरडलंय, त्यात कुठलं अक्षर कुणाचं आहे ते मला बघायचंय.

तुझी,
काकू