जुनी मरीना घ्यायची? आधी पॉलिसी वाचा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका ताई चादरी-टॉवेल विकतात. आठवड्याला दोन बाजार, अक्कलकोट आणि मंगळवेढा. दुसऱ्या विक्रेत्यांसोबत वाटून घेतलेल्या टेम्पोचे त्यांच्या वाट्याला फेरीमागे 900 रुपये येतात. आता 2008 ची टाटा इंडिगो मरीना (इंडिगोचाच मोठ्या डिकीचा प्रकार), डिझेल, एमएच-13 पासिंग, 1,10,000 रुपयांना मिळते आहे. मागे गठ्ठे बसतील, सुट्टीला घरचे तुळजापूरला जातील. त्यासाठी मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडावी का?

ताई, बाजाराच्या कामासाठी ही गाडी घेऊ नका. मरीना वाईट आहे असं नाही. डिकीही कामाची आहे. अडचण कागदात आहे.

खासगी कारच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने चालवणं आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून माल वाहणं, दोन्ही त्यात वगळलेलं असतं. विक्रीला नेलेले टॉवेलचे गठ्ठे म्हणजे माल. मंगळवेढा रोडवर काही झालं आणि मागे गठ्ठे सापडले, तर कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळेल. एजंट म्हणेल, "काही होत नाही हो." त्याला म्हणावं, हेच लिहून दे.

आता हिशेब. फेरी साधारण 100 किलोमीटर, लिटरला 14 चं अॅव्हरेज धरलं तर डिझेल 650 च्या आसपास. म्हणजे टेम्पोपेक्षा फेरीमागे अडीचशे वाचले. पण गाडी दारात नुसती उभी असली तरी खाते: 1405 सीसीला थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा, हप्ता वर्षाला 3,416 रुपये अधिक जीएसटी असेल तो, म्हणजे महिन्याला किमान 285, टायर, बॅटरी, दुरुस्तीला 2,000 (इतक्या जुन्या गाडीला मी यापेक्षा कमी धरत नाही), आणि एफडीचं 7 टक्क्यांनी बुडालेलं व्याज 875. एकूण 3,160. तुमच्या महिन्याच्या आठ फेऱ्यांत वाचतात 2,000. फेऱ्या तेरावर जातील तेव्हा कुठे बरोबरी होईल, आणि तेव्हाही विम्याचा प्रश्न तसाच राहील.

शिवाय आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी. पंधरा वर्षं 2023 ला संपली, पाच वर्षांचं नूतनीकरण 2028 पर्यंत. पुढे गाडी वीस वर्षांची होते, आणि 2025 च्या बदलानंतर अशा कारचं नूतनीकरण शुल्कच 10,000 रुपये आहे. फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. तेव्हा विकायला काढलीत तर गिऱ्हाईक हेच दाखवून भाव पाडेल.

घरच्यांसाठीच हवी असेल, तर वेगळं बोलू. मग 80,000 च्या वर जाऊ नका आणि 40,000 दुरुस्तीला बाजूला ठेवा. बघायला सकाळी जा, आणि पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला दिसू नये म्हणून. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडायला लावा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. मागचा दरवाजा वर करून सोडा, आपोआप खाली येतो का पाहा. इंजिनचे पार्ट इंडिकाचे चालतात, त्यामुळे गॅरेजवाले घाबरत नाहीत. पण मागची काच आणि मागचे दिवे फक्त मरीनाचे, ते फुटले तर भंगारबाजार पालथा घालावा लागेल. मे महिन्यात सोलापुरात एसी आणि रेडिएटर दोन्ही लागतात, म्हणून दुपारी होटगी रोडवर अर्धा तास एसी लावून चालवा आणि तापमानाचा काटा बघत राहा.

एफडी मात्र मोडू नका. प्रवेशाची तारीख पुढे ढकलता येत नाही. अगदीच ठरवलं तर एफडीवर कर्ज घ्या, व्याजदर ठेवीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद हातात येईपर्यंत इसार देऊ नका, आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो धरून कुणी किंमत सांगत असेल तर मान्य करू नका.