अमेरिकेत २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग नावाचा प्राणी बिळाबाहेर येतो, त्याला आपली सावली दिसली तर थंडी लांबणार असं मानतात. ही ग्राउंडहॉग डेची प्रथा मुळात आली कुठून? आणि ऊन पडलं तर थंडी लांबणार, हे उलटं गणित कसं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

या प्रथेत प्राणी नंतर आला, आधी तारीख होती. २ फेब्रुवारी म्हणजे नाताळापासून मोजला तर चाळिसावा दिवस. त्या दिवशी युरोपातल्या चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, म्हणून इंग्रजीत कँडलमस. वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि वसंतातला विषुवदिन यांच्या साधारण मधोमध तो येतो. शेतकऱ्याला मात्र चिंता गोठ्याची! ‘कँडलमसला निम्मं सरपण आणि निम्मी वैरण शिल्लक हवी’ अशी जुनी म्हणच आहे. उरलेली वैरण पुरेल ना, या काळजीने लोक आभाळाकडे बघायचे. पश्चिम युरोपात भर हिवाळ्यात आभाळ निरभ्र असेल तर हवा बहुधा कोरडी आणि गोठवणारी असते. ढग येतात ते अटलांटिकवरची ऊब घेऊन. आपल्याकडे पौषात आभाळ आलं की थंडी पळते आणि हरभऱ्यावर घाटेअळीची धास्ती सुरू होते, तसंच. म्हणजे ऊन पडलं, सावली दिसली, तर थंडी मुक्कामाला. यात उलटं काही नाही.

प्राणी ज्याचा त्याचा. पिरेनीज डोंगरात अस्वल. प्रात-द-मोलो या फ्रेंच गावात आजही फेब्रुवारीत तरुण पोरं काजळी आणि तेल फासून अस्वलं होतात, दिसेल त्याला काळं करत सुटतात, आणि शेवटी पांढऱ्या कपड्यांतले ‘न्हावी’ त्यांना पकडून कुऱ्हाडीने खोटी खोटी हजामत करतात. जर्मनीत हा मान बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचा. अठराव्या शतकात जर्मन शेतकरी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आले, तेव्हा हे काम खारीच्याच कुळातल्या, बिळात शीतनिद्रा घेणाऱ्या ग्राउंडहॉगकडे गेलं. तिथल्याच मॉर्गनटाऊनच्या एका दुकानदाराच्या १८४१ च्या रोजनिशीत याची नोंद आहे. (नर ग्राउंडहॉग फेब्रुवारीत खरंच बाहेर डोकावतो, पण माद्यांची बिळं हेरायला. मग परत जाऊन झोपतो.)

टीव्हीवर दिसतो तो पंक्सटॉनी गावचा सोहळा १८८७ पासूनचा. उंच टोप्या घातलेली मंडळी, आणि प्राण्याची भाषा म्हणे फक्त अध्यक्षालाच कळते! प्राण्याचं भाकीत निम्म्या वेळाही खरं ठरत नाही, पण गर्दी हटत नाही.

मी पिट्सबर्गला राहतो, पंक्सटॉनी इथून गाडीने दीडेक तासावर. तरी विचाराल तर मला पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ‘ग्रुंडसाऊ लॉज’, म्हणजे ग्राउंडहॉगच्या नावाने भरणाऱ्या बैठका, जास्त अस्सल वाटतात. पहिली १९३४ मध्ये ॲलनटाऊनला भरली. जेवण, गाणी, नकला, सगळं पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन बोलीत. चुकून इंग्रजी शब्द निघाला की दंड.